बेनामी पटकथा

मार्च १९३६. लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात अकादमी पुरस्कारांची मेजवानी झाली आणि ‘द इन्फॉर्मर’च्या पटकथेसाठी डडली निकल्सचं नाव पुकारलं गेलं. निकल्सनं पुरस्कार घ्यायला नकार दिला. ऑस्कर नाकारणारा तो पहिला माणूस. त्यानं अकादमीला पत्र लिहून कारण कळवलं. हा पुतळा स्वीकारला तर ‘गिल्ड’साठी, म्हणजे लेखकांच्या संघटनेसाठी, सगळं पणाला लावून लढलेल्या हजारभर लेखकांकडे आपण पाठ फिरवल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं होतं. अकादमीनं पुतळा त्याच्याकडे पाठवला, त्यानं तो परत धाडला.

अकादमीवर एवढा राग असायला कारण होतं. १९२७ मध्ये एमजीएमचा सर्वेसर्वा लुई बी. मेयर याच्या पुढाकारानं ती स्थापन झाली, तेव्हा पुरस्कार हा तिचा मुख्य हेतू नव्हताच. कलावंतांनी आणि तंत्रज्ञांनी आपापल्या संघटना काढू नयेत, काही तंटा झालाच तर तो घरातल्या घरात मिटावा, हा खरा मतलब. मार्च १९३३ मध्ये मंदीचं निमित्त सांगून स्टुडिओंनी पगार निम्म्यावर आणले. अकादमीनं त्याला मान तुकवली आणि लेखकांना जे कळायचं ते कळलं. पुढच्याच महिन्यात ‘स्क्रीन रायटर्स गिल्ड’ नव्यानं उभं राहिलं. पहिला अध्यक्ष जॉन हॉवर्ड लॉसन. हे नाव पुढे येणार आहे.

स्टुडिओंनी गिल्डला सुखानं जगू दिलं नाही. १९३६ मध्ये ‘स्क्रीन प्लेराइट्स’ नावाची मालकधार्जिणी संघटना निघाली, चांगल्या पगाराचे लेखक तिकडे वळले आणि गिल्ड जवळजवळ मोडलं. निकल्सनं पुतळा नाकारला तो नेमका याच काळात. १९३८ मध्ये सरकारी कामगार मंडळाच्या देखरेखीखाली मतदान झालं, त्यात गिल्ड दणदणीत मतांनी जिंकलं. तरीही मालकांशी पक्का करार व्हायला १९४२ उजाडलं. त्या करारात पगाराचे आकडे होते, कामाच्या अटी होत्या. पण लेखकांच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचं कलम वेगळंच होतं. पडद्यावर लेखक म्हणून कोणाचं नाव येणार, हे यापुढे गिल्ड ठरवणार होतं.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. हॉलिवूडमध्ये एका पटकथेवर पाच-सहा लेखकांचे हात फिरणं ही रोजची गोष्ट. एकानं कथा द्यायची, दुसऱ्यानं प्रसंग रचायचे, तिसऱ्यानं संवाद, चौथ्यानं तिसऱ्याचे संवाद खोडायचे. शेवटी नाव कोणाचं लावायचं हे निर्माता ठरवी आणि कधी कधी त्यात त्याच्या मर्जीतल्या माणसाची वर्णी लागे. करारानंतर वाद झाला की सगळे खर्डे गिल्डकडे जाऊ लागले. लेखकांमधलेच तीन पंच ते वाचत आणि निवाडा देत. पंचांची नावं गुप्त राहत. लेखकाचा पुढच्या चित्रपटाचा मोबदला त्याच्या नावावर किती चित्रपट आहेत यावर ठरतो. पुरस्कारही नावाला मिळतो, खर्ड्याला नाही. तेव्हा हे कलम म्हणजे लेखकाच्या पोटाचा आणि मानाचा, दोन्हींचा प्रश्न होता. दहा वर्षांनी गिल्डनं याच कलमावर पाणी सोडलं.

ऑक्टोबर १९४७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ तपासणाऱ्या समितीनं हॉलिवूडची सुनावणी घेतली. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात किंवा होता का, हा तिथला प्रश्न जगभर गाजला. पण लेखकांना त्याआधी आणखी एक प्रश्न विचारला जाई आणि तो लोक विसरतात: तुम्ही स्क्रीन रायटर्स गिल्डचे सभासद आहात का? म्हणजे संघटनेचं सभासदत्व हीच आरोपाची पहिली पायरी. लॉसनला साक्षीच्या टेबलावरून अक्षरशः हटवावं लागलं. त्याच्यासकट दहा जणांनी सरळ उत्तरं नाकारली आणि ‘हॉलिवूड टेन’ हे नाव रूढ झालं. त्या दहांत बहुसंख्य लेखकच होते: लॉसन, डाल्टन ट्रम्बो, अल्बर्ट मॉल्ट्झ, रिंग लार्डनर ज्युनिअर, लेस्टर कोल, सॅम्युएल ऑर्निट्झ, अल्वा बेसी. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात स्टुडिओप्रमुख जमले आणि या दहांना काम देणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. काळी यादी सुरू झाली ती इथे. १९५० मध्ये अपिलं संपली आणि सगळे तुरुंगात गेले. लार्डनर आणि कोल यांची रवानगी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या तुरुंगात झाली, तर तिथे त्यांची चौकशी करणारा समितीचा अध्यक्ष पार्नेल थॉमसच कैदी म्हणून हजर! खोट्या नोकरांच्या नावे पगार उचलल्याबद्दल तो सजा भोगत होता. पटकथेत कोणी असा योगायोग घातला असता तर निर्मात्यानं तो पहिल्या वाचनातच खोडला असता.

गिल्डचे स्वतःचे वार्षिक पुरस्कार सुरू झाले ते सुनावणी आणि तुरुंगवास यांच्या मधल्या काळात, १९४९ मध्ये, आदल्या वर्षीच्या चित्रपटांसाठी. कल्पना सुंदर होती: लेखकांनी लेखकांना निवडायचं. निर्माता नाही, नट नाही, प्रसिद्धीखातं नाही. विभागणी मात्र आज वाचताना गमतीची वाटते. विनोदी, नाट्य, संगीतप्रधान आणि चक्क ‘वेस्टर्न’ असे वेगवेगळे पुरस्कार. घोड्यांच्या चित्रपटांचं पेवच फुटलं होतं तेव्हा. पहिल्या वर्षी ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’साठी जॉन ह्यूस्टनला वेस्टर्नचं पारितोषिक मिळालं. संगीतप्रधान ‘ईस्टर परेड’च्या तीन लेखकांत सिडनी शेल्डन होता. आपल्याकडे अनुवादांतून थरारक कादंबऱ्यांमुळे घरोघरी पोहोचलेला, तोच हा शेल्डन. मनोरुग्णालयातल्या बाईची गोष्ट सांगणाऱ्या ‘द स्नेक पिट’ला नाट्यविभागातलं पारितोषिक मिळालं आणि शिवाय रॉबर्ट मेल्टझर पुरस्कारही. मेल्टझर हा महायुद्धात मारला गेलेला पटकथालेखक. अमेरिकन समाजापुढचे प्रश्न समर्थपणे हाताळणाऱ्या पटकथेसाठी त्याच्या नावानं हा मान ठेवला होता. समाजापुढच्या प्रश्नांवर लिहिणं हाच तेव्हा संशयाचा विषय होऊ लागला होता. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच हा पुरस्कार यादीतून नाहीसा झाला.

त्या वर्षांची विजेत्यांची यादी समोर ठेवली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. १९५० मध्ये गिल्डनं ‘ऑल द किंग्ज मेन’ गौरवला. त्याचा लेखक-दिग्दर्शक रॉबर्ट रॉसेन पुढच्या वर्षी समितीपुढे उभा होता. तेव्हा त्यानं इतरांची नावं द्यायचं नाकारलं, काम बंद झालं आणि १९५३ मध्ये परत येऊन त्यानं पन्नासहून अधिक नावं दिली. १९५२ मध्ये ‘अ प्लेस इन द सन’चा मान हॅरी ब्राउनबरोबर मायकल विल्सनला मिळाला, गिल्डचाही आणि ऑस्करही. विल्सननं आदल्याच सप्टेंबरात समितीला उत्तर द्यायला नकार दिला होता. म्हणजे पुतळा हातात आला तेव्हा त्याला हॉलिवूडमध्ये काम मिळायचं बंद झालं होतं. १९५३ मध्ये ‘हाय नून’साठी कार्ल फोरमन. चित्रीकरण चालू असतानाच त्याला समन्स आलं होतं. गिल्डनं त्याचा सन्मान केला तोवर तो इंग्लंडला निघून गेला होता. गावातले सगळे लोक एकेक करून मागे सरतात आणि मार्शल एकटा पडतो, ही त्या चित्रपटाची गोष्ट. फोरमनला ती लिहिताना कोणता गाव दिसत होता, हे सांगायला नको.

गिल्डच्या सभासदांनी गुप्त मतदानात या लोकांना निवडलं, याचं कौतुक वाटतं. पण त्याच सुमारास त्याच गिल्डच्या कार्यकारिणीनं काय केलं, तेही पाहायला हवं. १९५२ मध्ये हॉवर्ड ह्यूजच्या आरकेओ स्टुडिओनं ‘द लास वेगास स्टोरी’ काढला. पॉल जॅरिको हा त्याचा एक लेखक समितीपुढे गप्प राहिला होता, म्हणून ह्यूजनं त्याचं नाव काढून टाकलं. गिल्डच्या पंचांनी नाव द्यायला हवं असं सांगितलं. ह्यूज कोर्टात गेला आणि जिंकला. इथे गिल्डनं हात टेकले. समितीपुढे जो स्वतःला निर्दोष सिद्ध करणार नाही, त्याचं नाव पडद्यावरून वगळायची मुभा स्टुडिओंना मिळाली आणि ती करारात कलम म्हणून गेली. कोणी लिहिलं हे ठरवण्याचा अधिकार गिल्डकडेच राहिला, पण ते लोकांना सांगायचं की नाही हे स्टुडिओ ठरवणार.

यातून जे उभं राहिलं त्याला आपल्याकडे अचूक शब्द आहे: बेनामी. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. बंदी असलेला लेखक घरी बसून लिही आणि एखादा स्वच्छ नावाचा मित्र ते स्टुडिओत नेऊन आपलं म्हणून दाखवी. काही मित्र यासाठी टक्केवारी घेत, काही एक छदामही घेत नसत. ट्रम्बोची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १९४७ पूर्वी एमजीएमशी आठवड्याला ३००० डॉलरचा करार असलेला हा लेखक तुरुंगातून सुटल्यावर मेक्सिकोला गेला आणि नाना नावांनी पटकथा विकत बसला. तुरुंगात जाण्यापूर्वीच त्यानं ‘गन क्रेझी’ मिलार्ड कॉफमनच्या नावावर खपवला होता. इटलीच्या राजधानीत एक राजकन्या वकिलातीतून पळते आणि एका पत्रकाराबरोबर दिवसभर भटकते, ही कथाही त्याचीच. ती त्यानं इयन मॅकलेलन हंटर या मित्राच्या नावावर दिली.

‘रोमन हॉलिडे’ आला आणि हंटरपुढे पेच उभा राहिला. १९५४ मध्ये कथेचं ऑस्कर त्याला मिळालं. गिल्डचं विनोदी पटकथेचं पारितोषिकही त्याला आणि जॉन डायटनला विभागून मिळालं. कोणी काय लिहिलं याचा निवाडा करण्यासाठीच जन्मलेल्या संस्थेनं आपल्या हातांनी दुसऱ्याच माणसाचा सत्कार केला आणि ज्याचा केला त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. कथेचे पैसे हंटरनं ट्रम्बोला दिले. पुतळा देता येत नव्हता. लवकरच हंटरचं स्वतःचंही नाव काळ्या यादीत गेलं. मग बेनामी लेखकाच्या नावासाठी आणखी एक नाव शोधायची पाळी आली!

या सगळ्या प्रकाराचा कळस १९५७ च्या पुरस्कार-मोसमात झाला. त्या वर्षीचं सगळंच इतकं विचित्र आहे की जरा थांबून सांगायला हवं.

विल्यम वायलरचा ‘फ्रेंडली पर्स्युएशन’ पडद्यावर आला तेव्हा त्यात पटकथालेखकाचं नावच नव्हतं. जेसामिन वेस्टच्या पुस्तकावरून, एवढंच लिहिलं होतं. जणू पुस्तकाचं आपोआप चित्रपटात रूपांतर झालं. पटकथा मूळची मायकल विल्सनची, महायुद्धानंतर लगेच फ्रँक काप्रासाठी लिहिलेली. श्रेयासाठी इतर दावेदार होते. गिल्डच्या पंचांनी खर्डे वाचले आणि निकाल दिला: लेखक एकटा विल्सन. स्टुडिओनं निकाल मान्य केला आणि करारातलं ते कलम दाखवून नाव गाळलं. इकडे अकादमीला धसका बसला, की हा माणूस नामांकनात आला तर काय करायचं? ६ फेब्रुवारी १९५७ रोजी तिनं घाईघाईनं नियम केला: कम्युनिस्ट असल्याचं कबूल केलेला किंवा समितीपुढे उत्तर नाकारणारा कोणीही ऑस्करला पात्र नाही. त्यानंतर जाहीर झालेलं नामांकन एकमेवाद्वितीय होतं. पटकथेला नामांकन, लेखक मात्र अपात्र.

गिल्डचे सभासद काय करणार? त्यांनी त्याच मोसमात ‘फ्रेंडली पर्स्युएशन’ला सर्वोत्तम अमेरिकन नाट्यपटकथेचं पारितोषिक देऊन टाकलं. पडद्यावर नाव नसलेल्या लेखकाला, नाव वगळायची मुभा देणाऱ्या संघटनेनं दिलेलं हे पारितोषिक. मेजवानीत ग्राउचो मार्क्स बोलायला उभा राहिला आणि त्यानं तेव्हा गर्दी खेचणाऱ्या ‘द टेन कमांडमेंट्स’चा दाखला दिला. मूळ कथा मोझेसची, पण मोझेसनं एकदा लाल समुद्र ओलांडला होता हे निर्मात्यांना कळलं आणि श्रेयनामावलीतून त्याचं नाव काढावं लागलं! त्या काळावर लिहिलेल्या जाड पुस्तकांपेक्षा हा एक विनोद मला जास्त नेमका वाटतो.

मग २७ मार्चची रात्र. हॉलिवूडचं पँटेजेस थिएटर. ‘चित्रपट-कथा’ या विभागाची नामांकनं पाहा. ज्याँ-पॉल सार्त्र होता. ‘उम्बेर्तो डी’साठी चेझारे झावात्तिनी होता, ‘बायसिकल थीव्ह्ज’वाला. आणखी एक नामांकन ‘हाय सोसायटी’ला होतं. कोल पोर्टरची गाणी असलेला झगमगीत संगीतपट ‘हाय सोसायटी’ मतदारांच्या मनात असावा, पण नामांकन गेलं त्याच नावाच्या आदल्या वर्षीच्या एका किरकोळ विनोदी चित्रपटाच्या दोघा लेखकांना. त्या बिचाऱ्यांनी दिलदारपणे ते परत केलं. आणि ‘द ब्रेव्ह वन’ या चित्रपटासाठी होता कोणी रॉबर्ट रिच. मेक्सिकोतला एक मुलगा आणि झुंजीला नेलेला त्याचा लाडका बैल, अशी साधी कथा. डेबोरा करनं पाकीट उघडलं आणि रिचचं नाव वाचलं. सार्त्र आणि झावात्तिनी हरले.

रिच सभागृहात नव्हता. त्याच्या वतीनं लेखकांच्या संघटनेचा पदाधिकारी जेसी लास्की ज्युनिअर मंचावर गेला. हा लास्की म्हणजे ग्राउचोनं ज्याची टर उडवली त्या ‘टेन कमांडमेंट्स’च्या लेखकांपैकीच एक. त्यानं पुतळा घेतला आणि सांगितलं, की आपला मित्र इथे येऊ शकला नाही, कारण त्याची बायको बाळंत होते आहे. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गिल्डनं आपल्या नोंदी चाळल्या. रॉबर्ट रिच नावाचा एकही सभासद सापडला नाही. शोधाशोध झाली तेव्हा या नावाचा एक माणूस मिळाला. तो निर्माते किंग बंधूंचा भाचा होता, त्यांच्या कचेरीत काम करत होता आणि त्यानं आयुष्यात पटकथा लिहिली नव्हती. भाच्याचं नाव मामांनी कागदावर घातलं होतं. दरम्यान, ही कथा आमचीच, असं म्हणणारेही उगवले.

लिहिली होती अर्थातच ट्रम्बोनं, मेक्सिको सिटीत बैलझुंजी पाहताना सुचलेली. त्याचं खरं कौशल्य यानंतर दिसतं. पत्रकारांनी फोन केले, की रॉबर्ट रिच तुम्हीच का? त्यानं ना होकार दिला ना नकार. उलट अमुक चित्रपट कोणी लिहिला असेल बरं, असं सुचवून तो पत्रकारांना दुसऱ्याच कुणाच्या मागे लावून देई. हळूहळू हॉलिवूडमधला प्रत्येक चांगला चित्रपट संशयास्पद ठरू लागला. मे महिन्यात ‘द नेशन’मध्ये लेख लिहून त्यानं सांगितलं, की काळी यादी म्हणजे दुसरं काही नसून काळा बाजार आहे: माल तोच, फक्त भाव पडलेले. अकादमीनं ‘चित्रपट-कथा’ हा विभाग पुढच्या वर्षीपासून बंद केला. रॉबर्ट रिच त्या विभागातला शेवटचा विजेता ठरला.

१९५८ मध्ये तोच खेळ पुन्हा. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चं रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मूळ कादंबरीकार पिएर बूलला मिळालं. बूल फ्रेंचमध्ये लिहिणारा; इंग्रजी पटकथेशी त्याचा संबंध नव्हता. त्याच्या वतीनं किम नोव्हाकनं पुतळा घेतला. खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन. दहा वर्षांनी बूलच्याच दुसऱ्या कादंबरीवरून ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ निघाला, तेव्हा विल्सनचं नाव लेखक म्हणून राजरोस पडद्यावर होतं. बूलचं पुस्तक आणि विल्सनची लेखणी यांची गाठ अधिकृतपणे पडायला एवढा वेळ लागला.

भिंतीला पहिलं खिंडार ‘द डिफायंट वन्स’नं पाडलं. एकमेकांना साखळीनं बांधलेले एक गोरा आणि एक काळा कैदी पळून जातात, ही त्याची कथा. लेखक नेड्रिक यंग आणि हॅरल्ड जेकब स्मिथ. यंग काळ्या यादीत असल्यानं नाव पडलं ‘नेथन ई. डग्लस’. दिग्दर्शक स्टॅन्ले क्रेमरनं दोघा लेखकांना चित्रपटाच्या सुरुवातीला तुरुंगाच्या ट्रकचे चालक म्हणून बसवलं आणि ते पडद्यावर दिसत असतानाच लेखकांची श्रेयपट्टी झळकवली. टोपणनाव खोटं, त्याच्यामागचा चेहरा खरा. यंगनं आपली ओळख उघड केली आणि अकादमीची पंचाईत झाली. १२ जानेवारी १९५९ रोजी तिनं दोन वर्षांपूर्वीचा तो नियम मागे घेतला. त्यानंतर चारच दिवसांनी ट्रम्बोनं दूरचित्रवाणीवर सांगितलं, की रॉबर्ट रिच मीच. पुढच्या जानेवारीत ऑटो प्रेमिंगरनं ‘एक्झोडस’ ट्रम्बो लिहितो आहे असं जाहीर केलं. १९६० संपायच्या आत ‘एक्झोडस’ आणि ‘स्पार्टाकस’ या दोन्हींवर ट्रम्बोचं नाव होतं.

गोष्ट बहुधा इथे संपवली जाते. नायकाचं नाव परत आलं, शेवट गोड. मला मात्र यानंतरची वीस-पंचवीस वर्षं जास्त बोलकी वाटतात.

गिल्डचा सर्वोच्च मान म्हणजे लॉरेल पुरस्कार, पटकथालेखनातल्या आयुष्यभराच्या कामासाठी. १९५३ मध्ये पहिला लॉरेल सोन्या लेव्हियन या ज्येष्ठ लेखिकेला मिळाला, दुसरा डडली निकल्सला. १९५८ मध्ये तो जॉन ली मेहिनला मिळाला आणि हा मेहिन म्हणजे १९३६ मध्ये गिल्ड फोडणाऱ्या ‘स्क्रीन प्लेराइट्स’चा म्होरक्या! गिल्ड क्षमाशील होतं म्हणावं की विसरभोळं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मग वारं फिरलं. १९६९ मध्ये लॉरेल कार्ल फोरमनला, १९७० मध्ये ट्रम्बोला आणि १९७६ मध्ये मायकल विल्सनला.

लॉरेल स्वीकारताना ट्रम्बोनं केलेलं भाषण प्रसिद्ध आहे. समोर बसलेल्यांत काळ्या यादीच्या काळी जन्मालाही न आलेले तरुण लेखक होते. नावं देणारे होते आणि ज्यांची नावं दिली गेली तेही होते. त्या काळात खलनायक, नायक, संत, सैतान शोधू नका, असं तो म्हणाला. त्यातलं कोणीच नव्हतं, होते ते फक्त बळी. सभागृहाला हे उदात्त वाटलं. अल्बर्ट मॉल्ट्झला वाटलं नाही. तो हॉलिवूड टेनमधलाच, ट्रम्बोप्रमाणेच तुरुंगवास भोगलेला. मित्रांची नावं देऊन बंगला वाचवणारा आणि नावं न देता देशोधडीला लागणारा हे दोघेही सारखेच बळी कसे, असा त्याचा सवाल होता. दोघा जुन्या मित्रांत कडवट पत्रव्यवहार झाला आणि तो वाद मिटला नाही. माझा कल मॉल्ट्झकडे आहे. पण ट्रम्बोनं हे वाक्य कुठे उभं राहून उच्चारलं, तेही ध्यानात घ्यायला हवं. ज्या संघटनेनं १९५२ नंतर माघार घेतली तिच्याच मेजवानीत, तिचाच सन्मान हातात घेऊन तो बोलत होता. तिथे तो आणखी काय म्हणू शकला असता?

शिवाय नावं वगळायची मुभा देणारं ते कलम त्या वेळी करारात जिवंत होतं. फोरमनला लॉरेल दिला तेव्हाही होतं, विल्सननं १९७६ मध्ये तरुण लेखकांना सावध करणारं भाषण केलं तेव्हाही होतं. टाळ्यांचा गजर झाला, फुलं झाली, फोटो झाले, कलम तसंच. ते गेलं १९७७ मध्ये. ट्रम्बो त्याआधीच्या सप्टेंबरातच वारला होता. अकादमीनं मरणाच्या वर्षभर आधी त्याला ‘द ब्रेव्ह वन’चा पुतळा त्याच्या खऱ्या नावानं दिला, तेवढं तरी त्याला पाहता आलं. विल्सन १९७८ मध्ये गेला. ‘क्वाय’चं ऑस्कर त्याला आणि फोरमनला देण्याचा निर्णय झाला १९८४ मध्ये, त्याच वर्षी फोरमनही वारला. पुतळे घेतले ते दोघांच्या विधवांनी.

चित्रपटांबरोबर दूरचित्रवाणीचाही हाच इतिहास आहे, फक्त कमी सांगितला गेलेला. १९५४ मध्ये चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांतले लेखक एकत्र येऊन ‘रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका’ झालं, पश्चिम आणि पूर्व अशा दोन शाखांचं. पुरस्कारांतही मग दूरचित्रवाणी आली. सीबीएसवर ‘यू आर देअर’ ही मालिका चाले. इतिहासातल्या घटना जणू आजच्या बातम्या म्हणून सांगायची तिची पद्धत होती आणि निवेदक होता वॉल्टर क्रॉन्काइट. सॉक्रेटिसचा मृत्यू, गॅलिलिओवरचा खटला असे विषय तिच्यात येत. लिहीत होते वॉल्टर बर्नस्टीन, अब्राहम पोलोन्स्की आणि अर्नोल्ड मॅनॉफ, तिघंही काळ्या यादीतले, तिघंही दुसऱ्यांच्या नावाआड. बंदी असलेली माणसं पाखंडी ठरलेल्यांच्या कथा लिहीत होती आणि देश दर आठवड्याला त्या पाहत होता.

माध्यम बदललं तरी श्रेयाचा प्रश्न सुटला नाही. व्हिडिओ गेमच्या लेखनाला गिल्डनं पहिला पुरस्कार दिला २००८ मध्ये, ‘डेड हेड फ्रेड’ या गेमच्या लेखकांना. तेव्हा लेखकांचा संप चालू असल्यानं समारंभ झालाच नाही. गेमच्या धंद्यात लेखक म्हणून वेगळं श्रेय मिळेलच याची शाश्वती नव्हती. सुरुवातीच्या नियमानुसार स्पर्धेत उतरायचं तर गिल्डच्या गेमलेखकांच्या गटात नाव नोंदवावं लागे. त्यामुळे गाजलेले कित्येक गेम यादीबाहेर राहत आणि त्यावर टीका होई. १९५७ च्या अन्यायाशी याची बरोबरी करणं अतिशयोक्तीचं होईल. पण चांगलं लेखन समोर आहे आणि लेखक नियमात बसत नाही, ही अडचण गिल्डला परिचयाची असायला हवी होती.

पुन्हा काळ्या यादीकडे वळू. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गिल्डनं जुन्या श्रेयनामावल्या दुरुस्त करायला घेतल्या. काम किचकट होतं. खोटी नावं, हरवलेले करार, वारलेले साक्षीदार आणि ज्याचं नाव काढायचं त्याचे वारस. कधी काळी स्वच्छ मनानं मित्राला नाव दिलेल्या माणसाचं नाव आता खोडायचं म्हणजे त्याच्यावरही अन्यायच. या कामात सर्वांत चिवटपणे राबला तो पॉल जॅरिको, ज्याच्या नावापासून १९५२ मध्ये हे सगळं सुरू झालं तोच. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’वर रॉबर्ट बोल्टबरोबर मायकल विल्सनचं नाव १९९५ मध्ये लागलं. डझनावारी चित्रपटांची कागदपत्रं सुधारली गेली. २७ ऑक्टोबर १९९७ रोजी, सुनावणीला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, बेव्हर्ली हिल्समध्ये चारही संघटनांनी, म्हणजे लेखक, दिग्दर्शक, नट आणि दूरचित्रवाणी-रेडिओ कलावंत यांनी, जाहीर कार्यक्रमात आपली चूक मान्य केली. जॅरिको मंचावर होता. दुसऱ्या दिवशी घरी परतताना समुद्रकाठच्या रस्त्यावर त्याची गाडी झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. वय ८२.

‘रोमन हॉलिडे’ सर्वांत शेवटी राहिला. कथेचं ऑस्कर ट्रम्बोच्या विधवेला, क्लिओला, १९९३ मध्ये मिळालं. गिल्डनं पडद्यावरचं श्रेय दुरुस्त केलं ते डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे चित्रपटाला ५८ वर्षं झाल्यावर. ट्रम्बोच्या आणि हंटरच्या मुलांनी मिळून त्यासाठी पाठपुरावा केला होता. आता अधिकृत नोंद अशी आहे: कथा डाल्टन ट्रम्बो, पटकथा डाल्टन ट्रम्बो, इयन मॅकलेलन हंटर आणि जॉन डायटन. हंटरचं नाव पूर्ण खोडलं गेलं नाही, कारण पटकथेवर त्यानंही काम केलं होतंच. आणि न्यूयॉर्कच्या पूर्व शाखेनं त्याच्या मृत्यूनंतर आपला जीवनगौरव पुरस्कार त्याच्याच नावानं सुरू केला. रिंग लार्डनरला तो मिळाला आहे, वॉल्टर बर्नस्टीनलाही.